मुठीचं गाडगं

माझ्या शुद्धलेखनाबद्दल आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही, आणि अक्षर तर कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेल्यासारखं आहे. हे कोणी वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. वही पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या खाली असते. तरी माफी मागितल्याशिवाय मला पान सुरू करता येत नाही, कारण मिशनच्या बोर्डिंगातल्या बाई घाण अक्षरासाठी बोटांवर पट्टी मारत. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी तिथं चौथीत होते. त्या गडबडीत बोर्डिंग बंद पडलं, वडील येऊन मला घेऊन गेले, आणि पुन्हा उघडल्यावर कोणी मला परत पाठवलं नाही. माझी शाळा तिथंच संपली.

चार माणसांपुढं मला बोलता येत नाही. देवळातसुद्धा मी प्रार्थना ओठांतल्या ओठांत करते. त्यामुळं जे बोलायचं राहतं ते इथं लिहिते. आज आमच्या मंडळीच्या थोरल्या पंचांबद्दल लिहायचं आहे. मंडळी म्हणजे आमच्या देवळात उपासनेला येणारी सगळी ख्रिस्ती घरं, आणि पंच म्हणजे तिचा कारभार पाहणारे. थोरल्या पंचांचं नाव मी लिहिणार नाही. आदर म्हणून नव्हे. त्यांचं नाव देवळातल्या पंख्यांवर आहे, बाकांच्या पाठींवर आहे, दारातल्या संगमरवरी पाटीवर आहे. माझ्या वहीत त्यांना आणखी फुकटची जागा कशाला द्यायची.

मिशनचे परदेशी साहेब मायदेशी गेले तेव्हा मिशनच्या जागांचा कारभार यांच्या हाती आला. कारभार करता करता छावणीच्या रस्त्याला यांचा स्वतःचा बंगला कसा उभा राहिला, हे विचारायचं नसतं. देवानं आशीर्वाद दिला असं म्हणायचं असतं. आम्ही कंपाउंडातल्या चाळीत राहत होतो. तिथं देवानं आम्हाला गळकी कौलं दिली होती. तो कोणता आशीर्वाद, ते मला कोणी सांगितलं नाही.

पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, खेड्यांच्या दौऱ्यावर गेले की उपदेश थोरले पंचच करत. विषय ठरलेला असे. धनाचा मोह. व्यासपीठावर चढले की आधी मनगटावरचं सोनेरी घड्याळ काढत, सगळ्यांना दिसेल असं वर धरत आणि म्हणत, "हेसुद्धा माझं नाही. त्याचं आहे." मग ते समोर ठेवून तासभर बोलत. त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट सांगत, ज्याला सगळं विकून गरिबांना वाटून टाक असं सांगितल्यावर तो तोंड पाडून निघून गेला. सांगताना यांच्या डोळ्यांत पाणी येई. आम्हा बायकांकडं बोट करून म्हणत, सोनं म्हणजे बेडी आहे, माझ्या बहिणींनो, काढून टाका. आमच्या हातांत काचेच्या बांगड्या. यांची बायको पहिल्या बाकावर बसलेली, तिच्या हातांत पाटल्या. तिच्याकडं बोट कधी गेलं नाही. शेवटची प्रार्थना झाली की घड्याळ पुन्हा मनगटावर. देवाची वस्तू एवढ्या लगबगीनं मनगटावर चढवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा सुईच्या नाकाचा उपदेश झाला. श्रीमंताला स्वर्गात जाणं म्हणजे उंटानं सुईच्या नाकातून जाणं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण पंचांनी सांगितलं की त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुईचं नाक नावाचा एक बुटका दरवाजा यरुशलेमेच्या तटाला होता. उंटाची पाठ मोकळी केली, त्याला गुडघ्यावर बसवलं, की तो सरपटत आत जाई. श्रीमंतानं फक्त नम्र व्हायचं, बस.

माझ्या शेजारी चाळीतल्या आत्याबाई बसल्या होत्या. विधवा बाई, शहागंजाच्या बाजारात भाजी विकायच्या. सगळी चाळ त्यांना आत्याबाईच म्हणे. त्या कुजबुजल्या, "म्हंजी आपल्या भडकल दरवाजासारखं काय गं?"

"त्याच्यापेक्षा बुटका."

"आन् उंटाचं वझं? ते भाईरच ऱ्हातं?"

"काय माहीत."

"ऱ्हातंय कशाचं. हमाल आणत असतील मागनं." आणि मग प्रार्थनेत डोळे मिटता मिटता, "ते हमाल म्हंजी आपण."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात धरला. पंचांना वाटलं मी रडते आहे. दारात त्यांनी मला मुद्दाम थांबवून आशीर्वाद दिला.

आता मुठीचं सांगते. आमच्या बायकांत एक रीत आहे. रोजचं धान्य निवडताना त्यातली एक मूठ देवासाठी वेगळी काढायची आणि चुलीजवळच्या गाडग्यात टाकायची. महिन्याला सगळ्यांची गाडगी एका पोत्यात ओतायची, पोतं शहागंजात विकायचं आणि पैसे महिला मंडळात जमा करायचे. दुष्काळाच्या सालात ज्वारी दिसेना. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरीला नीट चव नसे. लेकरं नाक मुरडत. त्या मिलोचीसुद्धा आम्ही मूठ काढली. मी बोर्डिंगात भाकऱ्या थापायला जात असे. परत आल्यावर घरच्यासाठी पीठ पुरणार नाही हे दिसत असतानाही आधी मूठ काढायची. तीन वर्षांत सातशे रुपये झाले. मंडळानं ठरवलं होतं की या पैशांतून कंपाउंडातल्या एका मुलीला नर्सिंगला पाठवायचं. त्या साली चाळीत मॅट्रिक झालेली मुलगी एकच होती. माझी.

पैसे आधी जुन्या पाळकीणबाईंकडं बिस्किटाच्या डब्यात असत. त्यांची बदली झाली. तेव्हा थोरले पंच मंडळाच्या सभेला आले आणि म्हणाले, बायकांच्या डब्यात देवाचा पैसा सुरक्षित नाही, मी सांभाळतो. कोणी नाही म्हणालं नाही. डबासुद्धा त्यांनीच ठेवून घेतला.

दिवाळीच्या सुमाराला मिशनच्या दवाखान्यातून माझ्या मुलीला बोलावणं आलं. नाताळानंतरच्या तुकडीत जागा होती. फी, गणवेश, गादी, सगळ्याचे पैसे घेऊन ठरल्या तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. आमचे हे एस.टी.त कंडक्टर. दुष्काळात काढलेलं सोसायटीचं कर्ज पगारातून कापलं जात होतं. दुसरं कोणी उसने देणारं नव्हतं. मुठीचे पैसे आले तरच ती जाणार, नाहीतर माझ्याबरोबर बोर्डिंगात भाकऱ्या थापणार. मुलगी स्वतःच म्हणाली, "नसलं तर नसलं, आई. चुलीपुढं मीपण बसेन." ते ऐकून मी चप्पल घातली आणि छावणीकडं निघाले.

बंगल्यात मोझॅकची नवी फरशी बसत होती. पॉलिशचं मशिन घरघरत होतं आणि सगळीकडं पांढरा चिखल. मी दारातल्या पायपुसण्यावर उभी राहिले.

"सलाम, साहेब."

"सलाम. ये बाई, आत ये. नको, थांब, फरशी ओली आहे."

"पोरीला नर्सिंगचं बोलावणं आलंय. ते मुठीचे पैसे..."

"पैसे," ते म्हणाले. मी त्यांच्या घरात मेलेला उंदीर आणून ठेवावा तसं त्यांचं तोंड झालं. "बाई, मूठ कुणाला दिलीस तू? देवालाच ना?"

"व्हय."

"मग देवाला दिलेलं मागं घेतात का?"

"मंडळानं ठरवलंय साहेब. एका पोरीला शिकवायचं म्हणून."

"आणि ती पोर नेमकी तुझी." ते हसले. "बघ, इथंच मोह दबा धरून बसतो. दुसरीच्या लेकीसाठी आली असतीस तर मला आनंद झाला असता. पैसे कुठं जात नाहीत. ते देवाच्याच कामात आहेत."

मी फरशीकडं पाहिलं. हिरवे आणि तपकिरी दगड होते, मधून मधून शिंपल्यासारखं चमकत होतं.

"चल, आपण प्रार्थना करू," ते म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. या बहिणीच्या हृदयातून द्रव्याचा लोभ उपटून टाक, तिला आकाशातल्या पाखरांसारखं निश्चिंत कर. मध्येच आतून मिस्त्रीनं विचारलं, "साहेब, हॉलला पॉलिशचे दोन हात मारू का तीन?" पंचांनी डोळे उघडले नाहीत, प्रार्थना थांबवली नाही. फक्त हात वर करून तीन बोटं दाखवली.

शेवटी मी आमेन म्हणाले आणि घरी आले. आमच्या ह्यांनी माझे पाय पाहिले. पायांना पॉलिशचा पांढरा लगदा लागला होता. ते म्हणाले, "आधी पाय धू. आपली ज्वारी हाय ती, पण भाईरच धू."

दुसऱ्या दिवशी मी आणि आत्याबाई नव्या पाळकसाहेबांकडं गेलो. तरुण माणूस, बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की थोरले पंच देवळाचं छत नवीन करून देणार आहेत, अशा वेळी त्यांचं मन दुखावणं बरं नाही.

"आन् आमचं मन?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमचं मन मोठं आहे, आत्याबाई."

"व्हय, मोठंच हाय. सगळ्यांचं त्यातच मावतंय."

त्या पाळकसाहेबांबद्दल मला राग नाही. ओल्या फडक्याबद्दल कोणी राग धरत नाही.

त्या दिवसापासून मी मूठ काढणं बंद केलं. गाडगं धुतलं आणि पालथं घातलं. लेकरांच्या तोंडची मिलो काढून मी कोणाच्या हॉलला तिसरा हात मारणार नव्हते. बाकीच्या बायका भीतभीत टाकत राहिल्या. एकजण मला म्हणाली, देव बघतो हो. मी मनात म्हटलं, बघू दे, फरशीसुद्धा दिसेल त्याला.

नाताळाच्या आधी आमच्याकडं हंगामाचा सण असतो. शेतात, घरात जे पिकतं, जे बनतं, त्यातलं काहीतरी आणून देवापुढं मांडायचं. भोपळे, अंडी, दौलताबादचे पेरू, कोंबडे, विणलेले रुमाल. रिकाम्या हातानं कोणी येत नाही. उपासनेनंतर बाहेर चिंचेखाली सगळ्याचा लिलाव होतो. त्याच्याही रीती आहेत. काही वस्तू रुमालानं झाकून आणतात आणि झाकलेल्याच विकतात; घेणाऱ्यानं बोली जिंकल्यावर उघडायची. त्यात मजा असते, म्हणून झाकलेल्याला भाव जास्त. घेतलेली वस्तू घरी न्यायची नसेल तर "देवाला परत" म्हणायचं. मग ती पुन्हा टेबलावर जाते, पुन्हा तिचा लिलाव होतो. आणि लिलाव पुकारणाऱ्यानं प्रत्येक वेळी वस्तू कोणाची आणि काय, हे मोठ्यानं सांगायचं.

थोरल्या पंचांचा या सणावर फार जीव. गरिबातल्या गरीब बाईनं आणलेली वस्तू सगळ्यांत मोठ्या बोलीनं घ्यायची आणि लगेच "देवाला परत" म्हणायचं, हा यांचा नेम. विधवेचं एक अंडं एकदा यांनी पंचवीस रुपयांना घेतलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलीचे पैसे नंतर सवडीनं द्यायचे असतात. यांची सवड कधी येई ते कोणी पाहिलेलं नाही. टाळ्या मात्र रोख मिळत.

त्या साली माझ्याकडं न्यायला काही नव्हतं. मुलीची पेटी घ्यायला मी कोंबड्या विकल्या होत्या. पेटी घरात आली होती, तिच्यात घालायला काही नव्हतं. देवळात निघताना मी चुलीकडं पाहिलं आणि पालथं गाडगं उचललं. त्यावर विणलेला रुमाल टाकला आणि टेबलावर भोपळ्यांच्या मागं ठेवून दिलं. बायकांच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले. कोणाला काही बोलले नाही. मला इतरांसारखी बोलण्याची सवय असती तर मी ते केलंच नसतं.

लिलाव आमच्या जुन्या ड्रिलमास्तरांकडं असे. आवाज खणखणीत, आणि रीत मोडलेली खपत नसे. त्यांनी गाडगं वर धरलं. "झाकलेली वस्तू. भाकरीवाल्या बाईंकडून."

पंचांनी माझ्या जुन्या लुगड्याकडं पाहिलं. "अकरा रुपये," ते म्हणाले. कोणी बारा म्हटलं, कोणी पंधरा. पंचांनी हात वर केला, घड्याळ चमकलं. "एकावन्न." टाळ्या पडल्या. ते पुढं आले आणि हसत त्यांनी रुमाल उचलला. आत पाहिलं. गाडगं पालथं केलं. काही पडलं नाही.

"काय हे बाई," ते म्हणाले, लहान मुलाशी बोलावं तसं. "देवापुढं रिकामं?"

लोक हसले. मास्तरांनी मान उंच करून विचारलं, "बाई, काय वस्तू आहे ही? पुकारायला नाव लागतं."

मी उभी राहिले. लोक हसत होते आणि माझी मुलगी पुढच्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

"मुठीचं गाडगं आहे," मी म्हणाले. "आतलं पंचसाहेबांकडं आहे."

हसणं थांबलं. पंच मात्र हसतच होते. वर्षानुवर्षांची सवय तोंडावर बसलेली. त्यांनी हात उडवला आणि म्हणाले, "देवाला परत."

तिथं ते चुकले. घरी नेलं असतं तर गोष्ट संपली असती. पण यांना काही घरी न्यायची सवयच नव्हती, निदान चारचौघांत.

मास्तरांनी गाडगं पुन्हा वर धरलं. "मुठीचं गाडगं. भाकरीवाल्या बाईंकडून. आतलं पंचसाहेबांकडं आहे. बोला."

आत्याबाई जागच्या जागी म्हणाल्या, "चार आणे."

"चार आणे एक वार, दोन वार, तीन वार."

"देवाला परत," आत्याबाई म्हणाल्या.

"मुठीचं गाडगं. आतलं पंचसाहेबांकडं आहे. बोला."

"माझे आठ आणे," एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली, जिनं मला देव बघतो असं सांगितलं होतं. "देवाला परत."

"मुठीचं गाडगं. आतलं..."

"मास्तर, पुरे आता," पंच म्हणाले.

"वस्तू टेबलावर आहे साहेब," मास्तर म्हणाले. "रीत आहे." आणि पुन्हा पहिल्यापासून पुकारलं.

बायका एकेक करून बोलत राहिल्या. चार आणे, आठ आणे, कोणी रुमालाच्या गाठीतलं नाणं सोडवून. पुरुषांतूनही आवाज येऊ लागले. आमचे हे सगळ्यांत मागं उभे होते, खाकी गणवेशात, ड्युटीवर जायचं होतं. ते म्हणाले, "एक रुपया. सुट्टे नायत, पुढं सरका." एस.टी.तल्यासारखं. तेव्हा सगळं अंगण हसलं, आणि यावेळी ते हसू माझ्यावर नव्हतं. मास्तर दर वेळी छातीत हवा भरून सगळं वाक्य म्हणत होते. पाळकसाहेब भोपळे मोजण्यात गुंतले होते.

शेवटी पंच म्हणाले, "पुढच्या रविवारी देतो. बंद करा हे."

आत्याबाईंनी शेवटची बोली केली आणि गाडगं हातात घेतलं. "देवाला परत नाय देत," त्या म्हणाल्या. "साहेबांच्या वट्ट्यावर ठिवते. पैसे येतील तवर तिथंच ऱ्हाऊ द्या." आणि खरंच नेऊन ठेवलं, नव्या मोझॅकवर, मधोमध.

रविवारी पंचांनी निम्मे पैसे दिले. ते देतानासुद्धा व्यासपीठावर चढले. घड्याळ काढलं, वर धरलं, आणि साक्ष दिली की प्रभूनं मला एका अडाणी बहिणीकडून मोह सोडायला शिकवलं. त्यांनी माझ्याकडं हात केला. सगळे वळून पाहू लागले. मी मान खाली घातली. लाजेनं नाही. कीव यायला लागली की मला हसू येतं, आणि देवळात हसू नये. निम्म्या पैशांत शिकलेला माणूस निम्माच शिकतो.

बाकीच्या पैशांची वाट पाहता पाहता नाताळ गेला. तारीख जवळ येत चालली. छावणीत कामाला जाणाऱ्या बायका बंगल्याच्या फाटकाशी थांबून एकमेकींना विचारत, "हाय का जागंवर?" "हाय." "रिकामंच?" "रिकामंच." मोठ्यानं विचारत. घरात ऐकू जाईल असं. गाडगं फेकून द्यायचं धैर्य तिथं कोणाला नव्हतं. सगळ्या मंडळीनं ते देवाचं म्हणून पुकारलं होतं.

मुलीच्या गाडीच्या आदल्या दुपारी पंचांची बायको चालत आमच्या चाळीत आली. हातात गाडगं होतं, वर माझाच रुमाल. आमच्या घराचा उंबरा तिनं त्याआधी कधी पाहिला नव्हता. मी चटई टाकली, ती बसली नाही. तिनं रुमाल काढला. आत नोटांची पुडी होती, वर थोडी नाणी.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "दोनदा मोजायला लावलंय त्यांनी. जास्त गेले नसतील ना, ते बघ म्हणाले."

आकाशातली पाखरं असं काही विचारत नसावीत. पण बाई दमली होती, म्हणून मी तिला काही बोलले नाही. आत्याबाईंना हाक मारली. पहिल्यांदा त्यांनी मोजले, मग माझ्या मुलीनं मोजले. पंचांची बायको दारात उभी राहून पाटल्यांशी चाळा करत होती.

जास्त नव्हते. कमीही नव्हते. मुठीचे पैसे पुरे परत आले होते.